जुन्या बुलेटचे ब्रेक: डिस्क बसवायच्या आधी ड्रम नीट करून घ्या

पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली काकांची बुलेट बाहेर काढायची आणि गणपतीच्या आत चालू करायची, हे कोकणात कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात असतंच. मग इंजिनावर पैसे जातात, टाकीला रंग होतो, सायलेन्सरला क्रोम होतो, सीटला नवीन रेक्झिन लागतं, आणि ब्रेकचं विचारलं की "लागतात की, जरा जोर लावायचा". आणि तीच गाडी घेऊन साहेब रविवारी आंबा घाट उतरतात. दुसरा प्रकार म्हणजे गाडी चालू झाल्या झाल्या "डिस्क बसवून टाकू" म्हणणारे, ड्रम उघडूनसुद्धा बघत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की ड्रम ब्रेक मुळात इतका वाईट नसतो, आपल्याकडे खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभा राहून आणि चुकीचा बसवून तो वाईट झालेला असतो. आधी तो जसा कंपनीतून निघाला तसा करा, मग ठरवा डिस्क पाहिजे की नको.

मी इथे पुढे ७ इंची ड्रम असलेली बुलेट धरून लिहितोय, ज्यात दोन कॅम असतात आणि बाहेरून दोन आर्म एका दांडीने जोडलेले दिसतात. (नवख्यांसाठी: ड्रम म्हणजे चाकाच्या हबमधली गोल वाटी. तिला आतून दोन अर्धगोल शू दाबतात, शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर, शू उघडणारा फिरता तुकडा म्हणजे कॅम, आणि तो बाहेरून फिरवतो तो आर्म.) त्याहून जुनी ६ इंची एक कॅमवाली असेल, येझदी असेल, राजदूत किंवा आरएक्स १०० असेल तरी दांडीचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं. (राजदूत ३५० वाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, त्या गाडीच्या जपानी भावाला, म्हणजे यामाहा आरडी ३५० ला, पुढे डिस्क होती आणि आपल्याला ड्रम दिला, पण तो ड्रमसुद्धा दोन कॅमवाला होता आणि नीट लावला तर चांगला थांबवतो.)

ब्रेक उघडायच्या आधी पुढचं चाक वर उचलून गाडी ठोकळ्यावर घ्या. चाक दोन हातांनी धरून आडवं हलवा, खुळखुळ वाटली तर बेअरिंग गेलं. फोर्क खालून धरून मागेपुढे ओढा, टक टक आलं तर हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सैल आहे नाहीतर फोर्कचे बुश गेलेत. हे आधी करा, कारण ब्रेक सुधारला की ह्या सगळ्यावर भार वाढतो. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दगडासारखा कडक झालेला टायर ठेवू नका, पहिल्या पावसात ब्रेक लागेल आणि गाडी घसरत जाईल.

जुन्या बुलेटला इंची आटे आहेत. मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावलात तर नट गोल होणार, आणि गंजलेला नट गोल झाला की मग छिन्नी-हातोडी आणि शिव्या. व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, रिंग पाने मिळवा, जुन्या बाजारात मिळतात. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा, पण एक्सलवर आणि बाहेरच्या नटांवरच, प्लेटच्या फटीतून आत गेलं तर लायनर संपला.

चाक काढून ब्रेक प्लेट, म्हणजे शू ज्यावर बसतात ती, बाहेर आली की आत काळी पूड दिसेल. ती फुंकू नका, पंपाच्या हवेने तर अजिबात उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. मास्क लावा, साबणाचं पाणी शिंपडून पूड ओली करा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. कोपऱ्यावरचा मेकॅनिक फूऽऽ करून उडवत असेल तर त्याला करू दे, तुम्ही लांब उभे राहा.

आता बघा काय काय दिसतंय. लायनर काचेसारखा चकाकतोय का, त्यावर तेल-ग्रीसचा डाग आहे का, रिव्हेट वर आलेत का, लायनर शूपासून सुटलाय का. खाऱ्या हवेत लायनर आणि ॲल्युमिनियमच्या शूच्या मधे पांढरी पूड धरते आणि चिकटवलेला लायनर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, वरून जाडी भरपूर दिसते म्हणून लोक तोच परत बसवतात. नखाने कडेला उचलून बघा, जरा जरी हलला तरी बाद. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरता येतो असं सांगणारे भेटतील, ऐकू नका, गरम झाला की तेल परत वर येतं. स्प्रिंगा गंजून बारीक झाल्या असतील तर नवीन घ्या, आणि हो, स्प्रिंग कधी गंज काढायच्या ॲसिडमध्ये भिजत टाकू नका, आतून ठिसूळ होते आणि नंतर अवचित तुटते.

सगळ्यात महत्त्वाचं काम ड्रमचं आणि तेच कोणी करत नाही. ड्रमचा आतला भाग बीडाचा, हवेने त्यावर गंज धरतो आणि खड्डे पडतात, ते तरी डोळ्याला दिसतं. दिसत नाही ती गोष्ट म्हणजे ड्रम गोल राहिलेला नसतो. आरे एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल, असं असेल तर ते हबला ओढून ओढून ड्रमचा आकार बिघडवतात. ओळखायचं कसं, तर चाक परत लावून हाताने फिरवा आणि ब्रेक अगदी हलका धरा. खस…खस…खस असं एका फेरीला एकदा-दोनदाच घासल्याचा आवाज आला तर ड्रम गोल फिरत नाही, सलग बारीक आवाज आला तर ठीक. गाडी चालवताना हलका ब्रेक मारल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडते ती ह्यामुळेच. व्हर्नियर असेल तर ड्रमचा आतला व्यास तीन-चार ठिकाणी मोजा, ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी, त्यापेक्षा किती वाढलाय आणि जागोजागी किती फरक आहे ते लिहून ठेवा.

इथे क्रम चुकवू नका. आधी रिमचा आऊट, म्हणजे चाक फिरताना होणारी डुगडुग, काढून घ्या, सगळे आरे सारखे ताणून घ्या, गंजलेले असतील तर सरळ नवीन आरे टाकून चाक विणून घ्या. त्यानंतर ड्रम लेथवर घ्यायचा, आणि तोसुद्धा आरे-रिम तसेच ठेवून, फक्त टायर-ट्यूब काढून. नुसता हब सोडवून टर्निंग केलं आणि मग आरे ताणले तर ड्रम परत वाकडा होणार, म्हणजे पैसे गेले पाण्यात. अख्खं १९ इंची चाक फिरेल एवढा मोठा लेथ गावातल्या वर्कशॉपमध्ये बहुधा नसतो. रत्नागिरीत एमआयडीसीत विचारून बघा, नाहीतर सरळ कोल्हापूरला उद्यमनगरात जा, असल्या कामाची सवय असलेले टर्नर तिथे आहेत. तिथल्या एका टर्नर मामांनी चाक लेथवर चढवलं, टूल नुसतं टेकवलं, निम्म्या फेरीत कीस निघाला आणि निम्म्या फेरीत काहीच नाही, तेव्हा ते म्हणाले, "ह्यो कुठं गोल हाय पावणं, ह्यो तर बटाटा झालाय." चाक नवीन बेअरिंग घालून त्याच्याच सेंटरवर धरायला सांगा, रिमवर धरून नाही. आणि कट लागेल तेवढाच, गोल झाला आणि खड्डे गेले की बास. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असेल तर त्याच्या पुढे जायचं नाही. पातळ झालेला ड्रम गरम होऊन लवकर फुगतो आणि एक दिवस तडकतो.

ड्रम मोठा झाला म्हणजे आता बाजारातला नेहमीचा शू त्याला नीट टेकणार नाही, मधेच कुठेतरी टेकेल आणि दोन्ही टोकं हवेत. म्हणून जाड लायनर मारून घ्यायचा आणि शू ब्रेक प्लेटवर बसवून, कॅमखाली पातळ पत्रा घालून जरासे उघडे ठेवून, लेथवर ड्रमच्या मापाला आणायचे. हे एवढं काम केलं की अर्ध्याहून जास्त फरक तिथेच पडतो, मी तर म्हणेन महागडे शू शोधत बसण्यापेक्षा हे करा. लेथ नसेल तर हाताने पण होतं पण वेळ लागतो: ड्रमला आतून खडू फासा, शू लावून चाक फिरवा, हलका ब्रेक धरा, बाहेर काढून बघा खडू कुठे लागलाय, तेवढाच भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, परत लावा. सगळ्या लायनरभर खडू दिसायला लागला की थांबा. मास्क इथेही लावायचा. लायनरची पुढची कड, म्हणजे चाक फिरताना ड्रम जिकडून आधी येतो ती कड, कानशीने जराशी तिरकी करा, नाहीतर ब्रेक किंचाळतो आणि एकदम पकडतो.

आता कॅम. कॅमची दांडी प्लेटमध्ये गंजून जाम झालेली असते, म्हणूनच ब्रेक सोडल्यावर लिव्हर हळूहळू परत येते. ती काढून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, भोक साफ करा, गरम झालं तरी न वितळणारं ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच लावा. शू जिथे कॅमला आणि पिनला टेकतो तिथेही तेवढंच. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी असं नाही, ते पसरून लायनरवर येतं.

बाहेरच्या आर्मचा कोन बघा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म काटकोनाच्या आसपास पाहिजेत. काटकोनाच्या पुढे आर्म गेला की तुम्ही कितीही दाबा, जोर फुकट जातो. लायनर झिजल्यावर आर्म काढून एक दाता मागे घेऊन बसवायची आपल्याकडे पद्धत आहे, दिसायला कोन बरोबर दिसतो पण आत कॅम आडवा होत चाललेला असतो, आणि एकदा जास्त आडवा झाला की ब्रेक लागलेलाच राहतो. घाटात पुढचं चाक लागलेलं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको.

दोन कॅमवाल्या प्लेटला जी जोडदांडी असते तिची लांबी हा बुलेटचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकले तर तो ब्रेक दोन कॅमचा, नाहीतर एकच शू सगळं काम करतो आणि दुसरा नुसता बसलेला. दांडीची एका बाजूची पिन काढा. पहिला आर्म हाताने ओढून शू टेकेपर्यंत न्या आणि कोणाला तरी धरायला सांगा, दुसरा आर्मही तसाच टेकेपर्यंत न्या. ह्या स्थितीत दांडीची लांबी अशी लावा की पिन न ठोकता, बोटाने आत जाईल. लॉकनट आवळा, पिनला नवीन स्प्लिट पिन टाका. दहा मिनिटांचं काम आहे, पण ज्यांनी कधी केलं नाही त्यांना गाडी बदलल्यासारखी वाटते.

केबल जुनी असेल तर विचारच करू नका, नवीन टाका. किनाऱ्यावर केबल आतून गंजते, बाहेरून काळी छान दिसते आणि निपलजवळ एक एक तार तुटत जाते. नवीन केबल बसवायच्या आधी उभी टांगून वरून पातळ तेल सोडा, खालून थेंब आला की झालं. वळण मोठं ठेवा, टाकीखाली दाबली जात नाही ना ते हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. लिव्हरची पिन झिजून ओव्हल झाली असेल तर तीही बदला, इंचभर खेळ तिथेच जातो.

बसवताना एक युक्ती. चाक, प्लेट, एक्सल सगळं जागेवर घाला, प्लेट फिरू नये म्हणून जी खोबण किंवा टॉर्क आर्म असतो तो बसलाय ना ते दोनदा बघा, तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरून गाडी उलटते. एक्सलचा नट अर्धवट ठेवा. चाक जोरात फिरवून ब्रेक कचकन दाबा आणि दाबलेलाच ठेवून दुसऱ्याला नट आवळायला सांगा. म्हणजे प्लेट ड्रमच्या बरोबर मध्ये येऊन बसते. ब्रेक स्पंजासारखा वाटायचं निम्मं कारण हे न करणं आहे. मग चाक मोकळं फिरेल आणि लिव्हर टोकाला साधारण इंचभर मोकळी राहील असं केबल ॲडजस्ट करा.

मागच्याचं वेगळं काही नाही, तेच सगळं, फक्त चेनचं तेल आत जात नाही ना ते बघा. मात्र जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो हे घरातल्या पोरांना आधी सांगा. मुंबईहून आलेला पुतण्या "काका एक राऊंड मारतो" म्हणून बसतो आणि समोर म्हैस आली की उजवा पाय गच्च दाबतो, तिथे गिअर आहे.

लायनर बसायला वेळ द्या. गावाबाहेर सड्यावरचा मोकळा सरळ रस्ता ह्याला उत्तम, सकाळी गुरं यायच्या आधी जा. ४० वरून १० पर्यंत हळू ब्रेक, मग जरा चालवून थंड होऊ द्यायचं, परत तसंच. सुरुवातीला कचकचून दाबलात तर नवीन लायनर चकाकतो आणि मग कायमचा घसरतो. हब हाताला कोमट लागला तर बरोबर, ब्रेक न मारता नुसता चालवूनही चटका बसत असेल तर शू घासतोय.

घाटात ड्रमचं एक समजून घ्या. गरम झाला की ड्रम फुगून शूपासून लांब जातो, म्हणून लिव्हर खाली खाली जायला लागते. ते व्हायच्या आत गिअर खाली घ्या, इंजिनावर उतरा. येझदी-राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत ज्यांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं त्यांनी हे विसरू नये, ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून लांब उतार इंजिनावर काढला तर ऑइल पण बंद, म्हणून मधेमधे जरासा फिरवत राहा. तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका, बीड तडकतं. आणि दोन कॅमवाला पुढचा ब्रेक उलट्या दिशेला फार कमी धरतो, चढावर एसटीच्या मागे थांबलात तर गाडी मागे सरकायला लागेल, तिथे मागचाच ब्रेक कामाचा.

एवढं करून पण डिस्कच पाहिजे असेल तर अर्धवट करू नका. नंतरच्या डिस्कवाल्या बुलेटचा फोर्क, हब, २८० मिमीची डिस्क, कॅलिपर (डिस्कला दाबणारा) आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा), सगळं एकाच गाडीचं घ्या. कॅलिपर एकाचा आणि मास्टर सिलिंडर दुसऱ्याचा घेतला की लिव्हर एकतर लाकडासारखी कडक नाहीतर हँडलला टेकते. जुन्या फोर्कला पत्र्याची पट्टी वेल्ड करून कॅलिपर टांगणारे कारागीर आहेत, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा. पाइपच्या बोल्टला तांब्याचे वॉशर दर वेळी नवीन. ब्रेक ऑइल डॉट ४ चं, सीलबंद डबीतलं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं: नवीन असताना ते निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी प्यायल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. आपल्या दमट हवेत दोन वर्षं थांबू नका, दर वर्षी पावसाळा संपला की बदला. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, नवीन टाकीचा रंग जातो.

कागदपत्रांचं आधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करण्याच्या आड येतं, त्यामुळे डिस्कचं काम करायच्या आधी आपल्या आरटीओत विचारा. आणि गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पण गाडी मूळ रूपात पाहिजे आणि मग ती रोज बाजारात न्यायला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. रोज चालवायची असेल तर नेहमीची पुनर्नोंदणीच बरी.

राहता राहिली खारी हवा. किनाऱ्याने फिरून आलात की विहिरीच्या पाण्याने धुवा, पण पाइपाची धार हबवर मारू नका, आणि धुतल्यावर हलका ब्रेक धरून थोडं चालवा म्हणजे ड्रम सुकतो. पुळणीवर गाडी घालायची हौस दुसऱ्याच्या गाडीवर भागवा. पावसात चार दिवस उभी राहिली की ड्रमवर गंजाचा थर येतो आणि पहिला ब्रेक एकदम पकडतो, म्हणून अंगणातच दोनदा हळू मारून मग रस्त्याला लागा. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट सगळीकडे लावू नका, ॲल्युमिनियममध्ये ते खाऱ्या हवेत चिकटून बसतात, अँटीसीझ ग्रीस लावूनच घाला, आणि टॉर्क आर्मला तर ८.८ ग्रेडचाच हाय टेन्साइल बोल्ट पाहिजे, साधं स्टेनलेस त्याच्यापेक्षा कमी ताकदीचं. आणि पुढच्या ब्रेकची एक जादा केबल जुन्या केबलच्या बाजूनेच ओढून टेपने बांधून ठेवा, तोंडं प्लास्टिकने बंद करून. संध्याकाळी साखरप्याच्या पुढे तुटली तर टाकी न काढता पाच मिनिटांत जोडता येते, तिथे दुकान शोधत फिरायची वेळ येत नाही.